एक नाव, दोन बायका: पतसंस्थेतल्या एका ठेवीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावची एक पतसंस्था. तिथल्या संगणकीकरणाच्या कामात मी होतो आणि पुढेही काही वर्षं सॉफ्टवेअरच्या तक्रारी माझ्याकडेच यायच्या. गाव, संस्था आणि माणसं यांची नावं देत नाही. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. या प्रकरणात चोर कोणीच नाही. दोघी बायका खरं बोलत होत्या, दोघींचे कागद अस्सल होते, आणि तरीही एकीची ठेव दुसरीच्या नावावर दिसत होती.

पार्श्वभूमी

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, तिच्या ठेवींना बँकेसारखं ठेवविम्याचं संरक्षण नसतं, आणि मोठ्या बँकांकडे असतात तशी आधारची थेट पडताळणी करणारी यंत्रंही आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे होती लेजरं, नमुना सहीची कार्डं आणि माणसं ओळखणारा एक जुना कॅशिअर. कॅशिअर निवृत्त झाले. लेजरं माळ्यावर गेली. त्यातले आकडे सॉफ्टवेअरमध्ये आले.

आकडे आले, बाकी बरंच राहून गेलं. जुन्या खाते उघडण्याच्या अर्जावर वारसदार, ओळख देणाऱ्या सभासदाचा नंबर, वय आणि अंगठा किंवा सही असे रकाने होते. भरताना आम्ही नाव, गाव, रक्कम, व्याजदर आणि मुदत एवढंच घेतलं. ऑडिटची तारीख डोक्यावर होती. जन्मतारीख बहुतेक ठिकाणी कोरी राहिली, वारसदाराचा रकाना ‘नंतर भरू’ म्हणून सोडला. ते ‘नंतर’ पुढे कधी आलं नाही.

मग केवायसीची मोहीम निघाली. गावोगावचे खातेदार आधारची झेरॉक्स घेऊन शाखेत यायचे. क्लार्क नाव टाइप करायचा, सॉफ्टवेअर त्याच नावाची आणि गावाची जुनी खाती शोधून खाली दाखवायचं आणि विचारायचं: ‘हा ग्राहक हाच आहे का?’ क्लार्क ‘हो’ दाबायचा की दोन्ही नोंदी एका कस्टमर आयडीखाली यायच्या. दिवसाला पन्नास-साठ वेळा ‘हो’ दाबणाऱ्या माणसाच्या बोटाला त्या बटणाची जागा पाठ होते. शिवाय तो प्रश्न असा विचारला होता, की ‘नाही’ म्हणायला काही कारण लागावं आणि ‘हो’ म्हणायला काहीच लागू नये. ही स्क्रीन आमचीच. तिचा दोष क्लार्कच्या माथी मारता येत नाही.

नावांचा गुंता

हे प्रकरण कळायला मराठी घरातलं बाईचं नाव कसं चालतं ते आधी पाहावं लागतं. लग्नात बापाच्या नावाजागी नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहितात, आणि कालपर्यंतची बाई कागदावर तिन्ही शब्दांनी वेगळी होते.

इथल्या घरातली आत्या लग्नाआधी गावात शिवणकाम करायची. त्या पैशांतून नव्वदच्या सुमारास तिने स्वतःच्या नावे दामदुप्पट ठेव ठेवली. पहिलं नाव माहेरचं, मधलं वडिलांचं, आडनाव माहेरचं. वडील तिच्या लहानपणीच वारले होते. पुढे तिचं लग्न झालं, सासरी पहिलं नावही बदललं. सासरच्या रेशनकार्डावर तेच चढलं, रेशनकार्डावरून मतदार ओळखपत्रावर, तिथून आधारवर. ठेव पावती माहेरच्या ट्रंकेत राहिली.

तिचा थोरला भाऊ तिच्यापेक्षा बराच मोठा. त्याला मुलगा झाला तेव्हा वारलेल्या आजोबांचं नाव त्याला ठेवलं. असं घरोघरी असतं. या भाच्याचं लग्न झालं. सून आली तिचं मूळ नाव नेमकं आत्याचंच. घरात त्या नावाची आत्या आहे म्हणून लग्नात सुनेचं नाव बदललं आणि घरात, भावकीत सगळे तिला नव्या नावाने हाक मारू लागले. कागदावर मात्र बदललं नाही. शाळेच्या दाखल्यावरचं पहिलं नाव तसंच राहिलं, त्याला नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडलं गेलं.

आता मांडून पाहा. आत्याचं माहेरचं नाव: तिचं पहिलं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. सुनेचं आधारवरचं नाव: तेच पहिलं नाव, आजोबांवरून ठेवलेलं नवऱ्याचं नाव, तेच आडनाव. गाव तेच, घर तेच. वेलांटीचाही फरक नाही. आणि घरात सुनेला त्या नावाने कोणी हाकच मारत नसल्यामुळे पूर्ण नाव जुळण्याचा हा योगायोग घरच्यांच्याही लक्षात आलेला नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो दिवस

केवायसीनंतर सुनेच्या मोबाइलवर मेसेज आला, की तुमच्या नावे अमुक रकमेची ठेव आहे आणि तिचं नूतनीकरण झालं आहे. तिला वाटलं, सासऱ्यांनी कधीतरी तिच्या नावे ठेवली असेल. सासरे वारलेले, विचारणार कोणाला? रक्कम डोळे फिरण्याएवढी नव्हती, पण दोन चांगल्या म्हशी येतील एवढी होती. काही महिन्यांनी ती ठेव तारण कर्ज मागायला शाखेत आली. पावती नव्हती, म्हणून शाखाधिकाऱ्यांनी पावती गहाळ झाल्याचा अर्ज घेतला. आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, नाव जुळलं. ओटीपी पाठवला, तिने सांगितला. सगळं हिरवं.

कर्ज त्या दिवशी मंजूर झालं नाही, ते मात्र आमच्या शहाणपणामुळे नव्हे. कर्ज समितीची सभा सोमवारी होती, आणि मध्ये भाऊबीज आली.

आत्या माहेरी आली. जेवताना ठेवीचा विषय निघाला. ती उठली आणि ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावती घेऊन आली. सोमवारी ती काउंटरवर उभी. क्लार्कने पावती पाहिली, आधार पाहिलं, आणि सरळ मनाने म्हणाला, “मावशी, ह्यात तुमचं नावच न्हाई.”

“ते माझंच नाव हाय.”

“आधारवर तर दुसरंच हाय.”

“ते सासरचं. हे माझं.”

क्लार्कने पावतीवरचा नंबर टाकला. स्क्रीनवर सुनेचा फोटो आला.

कोणता प्रश्न सोडवायचा?

माझ्याकडे फोन आला तोवर शाखाधिकाऱ्यांनी मनाशी तोडगा काढला होता. सुनेच्या जन्मतारखेप्रमाणे ठेव ठेवली तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. चार वर्षांची मुलगी स्वतःच्या सहीने ठेव ठेवत नाही. अज्ञान खातेदार असेल तर पालनकर्त्याचं नाव लागतं. आणि चार वर्षांची मुलगी, पंचवीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या तालुक्यात, पुढे होणाऱ्या नवऱ्याच्या नावाने खातं कशी उघडेल? म्हणजे ठेव सुनेची नाही. “मग आत्याचीच की. देऊन टाकू.”

पहिलं वाक्य बरोबर होतं. ते सिद्ध करायला दोन मिनिटं लागली, आणि तीच तपासणी सॉफ्टवेअरनेही दोन मिनिटांत केली असती. खातं उघडल्याची तारीख आणि ग्राहकाची जन्मतारीख यांची साधी वजाबाकी. आम्ही ती लिहिलीच नव्हती.

दुसरं वाक्य मात्र पहिल्यातून निघत नाही. एकीची नाही म्हणून समोर उभ्या असलेल्या दुसरीची, असं कसं म्हणायचं? पावती हातात असणं म्हणजे ओळख नव्हे. ट्रंक घरातली, पावती घरातल्या कोणाच्याही हाताला लागली असती. मी तिथे अडून बसलो. आत्या खरं बोलते आहे याबद्दल मला शंका नव्हती. पण उद्या कोणी हरकत घेतली तर ‘शंका नव्हती’ हे वाक्य फाईलमध्ये लावता येत नाही.

ओळख पडताळणीत तीन वेगळे प्रश्न असतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-६३ मार्गदर्शिकेतही ते असेच वेगळे ठेवले आहेत. दावा नेमक्या कोणत्या माणसाबद्दल आहे? पुढे केलेला कागद खरा आहे का? आणि समोरचा माणूस कागदातला आहे का? सुनेच्या बाबतीत आमच्या यंत्रणेने दुसरा आणि तिसरा प्रश्न उत्तम सोडवला. क्यूआर कोडवर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते, त्यामुळे कागद खरा. फोटो जुळतो, म्हणजे बाई तीच. घोळ पहिल्या प्रश्नात होता. नव्वद साली काउंटरवर उभी राहिलेली मुलगी आजची कोण, हे आधारला माहीत नसतं. ते सांगणं त्याचं कामही नाही.

समोर असलेले पर्याय

प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचं बंधपत्र घेऊन मोकळं व्हावं, हा संस्थेच्या वकिलांचा पहिला सल्ला. सोपा, सवयीचा. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे दावेदाराने केलेला तोच दावा, फक्त नोटरीपुढे. आत्या म्हणते ‘ते माझं नाव’ आणि स्टँप पेपर म्हणतो ‘ती म्हणते ते तिचं नाव’. बंधपत्र नंतरच्या नुकसानीपुरतं. त्याने ओळख पटत नाही.

राजपत्रात नावबदल छापून आणायला सांगावं, असं एका संचालकांनी सुचवलं. त्यात पैसे, वेळ आणि तीच खोट: राजपत्रातली जाहिरातही स्वतःच्याच अर्जावर निघते. तिसेक वर्षांपूर्वी झालेला बदल आज छापला तर तो आजचाच पुरावा होतो.

विवाह नोंदणी दाखला आणावा तर त्या काळी खेड्यात लग्न नोंदवायला कोण जात होतं? लग्नपत्रिका सापडली असती, पण पत्रिका कोणीही छापतं.

कोर्टातून हुकूम आणा, असं म्हणणं म्हणजे ‘तुमचे पैसे देत नाही’ हे सभ्य शब्दांत सांगणं. रक्कम वकिलाच्या फीमध्ये गेली असती.

ओटीपीचा विषय मी मुद्दाम बैठकीत काढला, कारण ‘ओटीपी जुळला होता’ हे वाक्य फार वेळा कानावर पडत होतं. ओटीपी सिद्ध करतो तो एवढंच, की नोंदलेला मोबाइल आत्ता या माणसाच्या हातात आहे. इथे नोंदलेला मोबाइल आला कुठून? चुकीच्या जोडणीतूनच. म्हणजे शंभर वेळा पाठवला असता तरी तो शंभर वेळा सुनेकडेच गेला असता, आणि दर वेळी आमची चूक अधिकच पक्की वाटली असती.

उरला तो लांबचा रस्ता: वाद सुरू होण्याआधी, वेगळ्याच कामासाठी, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेल्या नोंदी शोधायच्या, आणि त्या एकमेकींना हात धरून उभ्या राहतात का पाहायचं.

काय केलं

पहिल्या दिवशी ठेवीचे व्यवहार थांबवले आणि आत्या व सून दोघींना एकाच मजकुराचं पत्र दिलं: ठेवीच्या मालकीची पडताळणी चालू आहे, तोवर पैसे आणि कर्ज दोन्ही कोणालाच नाही. एकच मजकूर ठेवण्याचा आग्रह शाखाधिकाऱ्यांचा, आणि तो फार उपयोगी पडला. घरात ‘तुला काय लिहिलंय, मला काय लिहिलंय’ झालं नाही.

मग माळा. उंदरांनी कुरतडलेल्या कडा, वाळवीची माती, आणि त्यात ते लेजर. खात्याच्या पानावर वारसदार म्हणून आत्याच्या आईचं नाव, नातं ‘आई’, खातेदाराचं वय ‘सज्ञान’. अर्जावर निळ्या शाईतली, शाळकरी वळणाची सही. संगणकीकरणात टाकून दिलेला तो वारसदाराचा रकानाच पुढे सगळ्याची किल्ली ठरला.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. आत्याला जुन्या नावाने सही करायला सांगायचं होतं. नमुना कार्ड तिला न दाखवता, हे ठरलेलं. पण क्लार्कने लेजर टेबलावर उघडंच ठेवलं होतं. आत्याने आधी ते पाहिलं, बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसली, मग कागद ओढून सही केली. हुबेहूब नव्हती. त्या नावाने तिने तीस वर्षांत सही केलेली नव्हती. ‘र’ मात्र तसाच, खाली ओढलेला. माझी खात्री पटली. तरी नमुना समोर असताना केलेली सही पुरावा म्हणून फाईलमध्ये लावली नाही.

दुसरी चूक जास्त लागणारी. संस्थेने ओळख पटवायला घरच्या कर्त्या माणसाला, म्हणजे भाच्याला, बोलावलं. ज्याच्या बायकोच्या नावे ठेव दिसते आहे त्याच्याच तोंडून आत्याची ओळख! तो बिचारा सरळ होता, ‘हीच आमची आत्या’ म्हणाला. पण आत्या शाखाधिकाऱ्यांना म्हणाली, “साहेब, माझ्या बापाचं नाव सांगायला आता भाचा लागतो व्हय?” त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. भाचा सरळ नसता तर काय झालं असतं, याचा विचार आम्ही त्याला बोलावण्याआधी करायला हवा होता.

खरी साखळी महसुलाच्या कागदांत सापडली, आणि ती सुचवली गावच्या माजी तलाठ्यांनी. आत्याचे वडील वारले तेव्हा शेतावर वारसांची नोंद झाली होती. त्या जुन्या फेरफारात भावाचं नाव होतं, आणि खाली आत्याचं माहेरचं नाव, पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि आईचं नाव. लेजरमधलं वारसदाराचं नाव आणि फेरफारातलं पालनकर्त्याचं नाव एकच. ठेव ठेवणारी मुलगी म्हणजे या वारसातली मुलगी, ही पहिली कडी.

दुसरी कडी हक्कसोडपत्राची. आईच्या पश्चात आत्याने बहिणी देतात तसा शेतातला आपला हिस्सा भावाला सोडून दिला होता, दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदवून. त्या दस्तात तिची दोन्ही नावं होती, माहेरचं आणि ‘भ्र.’ (भ्रतार, म्हणजे नवरा) लावून सासरचं. नोंदणी कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून दस्त सादर करणाऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे दस्तावर लागतात. फोटो होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, केस काळे असलेली, पण निर्विवाद हीच बाई. आणि लिहून घेणार कोण? तिचा भाऊ, म्हणजे सुनेचे सासरे. त्यांनी स्वतःच्या सहीने मान्य केलं होतं की या दोन्ही नावांची बाई माझी बहीण. आज त्या घरातून कोणाला फिरायचं असतं तरी फिरता आलं नसतं.

दस्ताची प्रमाणित नक्कल टेबलावर आली तेव्हा शाखाधिकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या कागदाने आत्याने माहेरचं शेत सोडलं, त्याच कागदाने तिचं माहेरचं नाव तिला परत मिळत होतं.

प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराही आणला. त्यात आईचं नाव आणि जन्मतारीख जुळली. खरं तर तोवर त्याची गरज उरली नव्हती. मुख्याध्यापकांनी दोन दिवसांत दिला म्हणून लावला.

निकाल

संचालक मंडळाने ठराव केला. ठेव सुनेच्या आयडीतून काढायची तर सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले ग्राहक तोडण्याची सोयच नव्हती. मूळ सॉफ्टवेअर ज्याच्याकडून घेतलं होतं तो व्हेंडर म्हणाला, असं कोणी कधी मागितलं नाही. जोडायला एक बटण आणि तोडायला काहीच नाही, हे विकत घेताना आम्हीही पाहिलं नव्हतं. शेवटी नवा आयडी उघडून ट्रान्स्फर व्हाउचरने ठेव हलवली, आणि व्हाउचरवर ठरावाचा क्रमांक लिहिला. पैसे रोख न देता आत्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यावर पाठवले, म्हणजे तिथल्या केवायसीचाही एक शिक्का त्यावर लागला. पहिल्या सोमवारपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सव्वा महिना गेला.

सूनबाईंना शाखाधिकाऱ्यांनी बोलावून समजावलं. रागावली नाही, ओशाळली. तिची काही चूक नव्हती. मेसेज आम्ही पाठवला होता.

त्यानंतर मी सगळ्या डेटावर ती वजाबाकी चालवली: ग्राहक अठरा वर्षांचा होण्याआधी उघडलेली आणि पालनकर्ता नसलेली खाती. आणखी काही निघाली. बहुतेक ठिकाणी आजोबा आणि नातू एक झाले होते.

पुन्हा करायचं तर

‘हा ग्राहक हाच आहे का?’ हा प्रश्न मी काढून टाकीन. त्याजागी क्लार्कला जुन्या अर्जावरचं काहीतरी टाइप करावं लागेल, वारसदाराचं नाव किंवा ओळख देणाऱ्याचा सभासद नंबर. न सापडल्यास दोन नोंदी वेगळ्याच राहतील. एका माणसाची दोन खाती राहणं हा त्रास आहे. दोन माणसांचं एक खातं होणं हा अपघात आहे. आमच्या स्क्रीनने दोन्ही चुकांना सारखंच तोललं होतं.

जोडणीनंतर लगेच नवा मोबाइल जुन्या ठेवीला लागू झाला, तेही नको होतं. जुन्या ठेवीवर नवा नंबर चढताना मध्ये काही दिवस आणि एक माणूस असायला हवा होता. गहाळ पावतीचा अर्ज तर इतक्या सहज घ्यायलाच नको होता. पावती ज्याच्याकडे आहे त्याला बोलायची संधी मिळते ती त्याच पायरीवर.

लेजरं माळ्यावरून खाली आली आहेत. वारसदाराचा रकाना आता भरला जातोय, एक मुलगी रोज दुपारी बसून भरते. अर्जात ‘माहेरचे संपूर्ण नाव’ असा नवा रकाना आला. आत्याच्या पासबुकावर आता दोन्ही नावं छापून येतात, मध्ये ‘ऊर्फ’. सूनबाईंच्या नोंदीत तो रकाना अजून कोरा आहे. शाळेचा दाखला तिच्या माहेरी असतो, सणाला गेले की आणते म्हणाली.